ज्युडी गार्लंडचं नेमकं काय झालं? तिचं काँट्रॅक्ट बघा म्हणजे कळेल

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका लिलावात लाल टिकल्या लावलेल्या बुटांची एक जोडी २ कोटी ८० लाख डॉलरला विकली गेली, वरची फी धरली तर ३ कोटी २५ लाख डॉलर, म्हणजे आपल्या हिशोबात पावणेतीनशे कोटींच्या आसपास. हे बूट १९३९ च्या 'द विझार्ड ऑफ ऑझ' सिनेमात एका सोळा वर्षांच्या मुलीने घातले होते. मधे २००५ मध्ये ते एका म्युझियममधून चोरीला गेले होते, चोराला वाटलं खरे माणिक लावलेत, नंतर कळलं साध्या काचा आणि टिकल्या आहेत, शेवटी २०१८ मध्ये एफबीआयने ते शोधून काढले. मग ऑगस्ट २०२५ मध्ये लास व्हेगासच्या स्फिअर नावाच्या त्या अवाढव्य गोल थिएटरात हाच सिनेमा एआय वापरून, फ्रेमच्या बाहेरचं चित्र नव्याने बनवून दाखवायला सुरुवात झाली आणि त्यावर जगभर वाद झाला.

या सगळ्यात ती मुलगी, म्हणजे ज्युडी गार्लंड, पुन्हा चर्चेत आली आणि तिच्याबद्दल नेहमीचंच वाक्य पुन्हा फिरायला लागलं, की बिचारी गोळ्यांच्या नादी लागली आणि कंगाल होऊन गेली. मला हे वाक्य अजिबात पटत नाही. गोळ्या खऱ्या आहेत, कर्ज खरं आहे, पण ज्या कागदावर तिचं सगळं आयुष्य बांधलेलं होतं तो कागदच या गोष्टीतून गायब असतो. तो समजून घेतला तर तिचं आयुष्य वेगळं दिसतं, आणि आज कलाकारांचे एआयवरून जे संप आणि कोर्टकेसेस चालल्यात त्याही समजायला लागतात.

आधी ती कोण होती

खरं नाव फ्रान्सिस एथेल गम. जन्म १० जून १९२२, मिनेसोटा राज्यातलं ग्रँड रॅपिड्स नावाचं छोटं गाव. आईवडील दोघेही स्टेजवर गाणारे, आणि गावात वडिलांचं सिनेमा थिएटर होतं. त्याच थिएटरच्या स्टेजवर ती अडीच वर्षांची असताना पहिल्यांदा गायली. पुढे कुटुंब कॅलिफोर्नियात गेलं, दोन मोठ्या बहिणी आणि ही अशा तिघी 'गम सिस्टर्स' म्हणून गावोगाव कार्यक्रम करायच्या, आई पियानोवर. १९३४ च्या सुमारास आडनाव बदलून गार्लंड केलं आणि थोड्याच दिवसात फ्रान्सिसची ज्युडी झाली.

सप्टेंबर १९३५ मध्ये एमजीएम या त्या काळातल्या सगळ्यात श्रीमंत स्टुडिओने तिला घेतलं, तेव्हा ती तेरा वर्षांची होती, पगार आठवड्याला १०० डॉलर. दोनच महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, वडील अचानक मेंदूज्वराने गेले. घरात तिला जवळचे वाटणारे तेच होते.

स्टुडिओला सुरुवातीला तिचं करायचं काय तेच कळत नव्हतं. आवाज मोठ्या बाईचा, वय शाळकरी, आणि हॉलिवूडच्या मापाने ग्लॅमरस नाही. १९३७ मध्ये क्लार्क गेबलच्या वाढदिवसाला स्टुडिओतल्या पार्टीत तिने त्याच्यासाठी एक गाणं म्हटलं, ते इतकं गाजलं की लगेच एका सिनेमात घातलं गेलं, आणि तिथून गाडी सुटली. मिकी रूनी या तरुण नटाबरोबर जोडी जमली, मग ऑझ, मग १९४४ चा 'मीट मी इन सेंट लुईस', १९४८ चा 'ईस्टर परेड'. पंधरा वर्षांत दोन डझनांहून जास्त सिनेमे तिने एमजीएमसाठी केले.

स्टुडिओ म्हणजे नक्की काय होतं

आज सिनेमाचं काम कसं चालतं, एक प्रोजेक्ट ठरतं, त्यापुरता नट ठरतो, शूटिंग संपलं की आपापल्या वाटेने. तेव्हाचं हॉलिवूड असं नव्हतं. एमजीएमसारख्या स्टुडिओत लेखक, दिग्दर्शक, नट, वाद्यवृंद, शिंपी, सुतार, डॉक्टर, मुलांसाठी शाळासुद्धा, सगळे पगारावर. एमजीएमची मालक कंपनी होती लोज, आणि तिची स्वतःची थिएटरं होती, म्हणजे माल बनवणारा आणि विकणारा एकच. थिएटरं सतत भरलेली ठेवायची तर सिनेमे सतत निघायला हवेत, आणि त्यासाठी नट सतत हाताशी हवेत. काँट्रॅक्टमधली प्रत्येक अट या एका गरजेतून आली होती हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं आहे.

सात वर्षांचा कागद

काँट्रॅक्ट सहसा सात वर्षांचं असायचं. ऐकायला वाटतं की चला सात वर्षांची नोकरी पक्की, पण तसं नव्हतं. नट सात वर्षं बांधील होता, स्टुडिओ नव्हता. दर सहा महिन्यांनी, नंतर दर वर्षाने, स्टुडिओ ठरवायचा की हिला ठेवायचं की काढायचं, याला ऑप्शन म्हणत. ज्युडीबरोबर एमजीएममध्ये डियाना डर्बिन नावाची तशीच गाणारी मुलगी होती, तिचा ऑप्शन उचलला नाही, ती दुसऱ्या स्टुडिओत गेली आणि तिथे प्रचंड मोठी स्टार झाली. पण ज्युडीला मनात आलं म्हणून जाता येत नव्हतं.

शिवाय वर्षाच्या ५२ आठवड्यांपैकी साधारण ४० आठवड्यांचाच पगार नक्की, बाकीचे आठवडे बिनपगारी ठेवायची मुभा. कुठला सिनेमा करायचा ते स्टुडिओ ठरवणार, दुसऱ्या कंपनीला उसनं द्यायचं तर तेही स्टुडिओच ठरवणार आणि त्यात वरचे पैसे मिळाले तर ते स्टुडिओचे. वागणुकीचं कलम वेगळं.

आणि मग सगळ्यात वाईट अट, सस्पेन्शन. नटाने रोल नाकारला किंवा कामावर आला नाही तर पगार बंद, आणि जेवढे दिवस बंद तेवढे काँट्रॅक्टच्या शेवटी जोडायचे. आपल्याकडे पाडव्याला सालगडी ठरतो आणि मालक त्याचे खाडे मोजून पुढच्या सालात भरून घेतो, तसंच हे, फक्त इथे आजारपणाचाही खाडा, रोल आवडला नाही म्हणून घरी बसलात तर तोही खाडा, आणि दुसऱ्या वावरात कामाला जायची सोय नाही. सात वर्षं मग सात राहायची नाहीत, सरकत जायची.

ज्युडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, ती तेरा वर्षांची होती, म्हणजे हे सगळं तिच्या वतीने मोठ्यांनी ठरवलं. मुलांच्या कमाईचं रक्षण करणारा कायदा कॅलिफोर्नियात आला तोच १९३९ मध्ये, आणि तोही जॅकी कूगन या बालनटाचं प्रकरण गाजल्यावर. त्याने लहानपणी लाखो डॉलर कमावले होते, मोठा झाल्यावर पाहतो तर आई आणि सावत्र वडिलांनी जवळजवळ सगळे उडवलेले, १९३८ मध्ये कोर्टात गेला आणि हातात आले सव्वा लाखाच्या आसपास. त्यानंतरच्या कायद्यातही इतक्या पळवाटा होत्या की २००० साली तो पुन्हा दुरुस्त करावा लागला, आता तिथे बालकलाकाराच्या कमाईतले किमान १५ टक्के वेगळ्या ट्रस्ट खात्यात ठेवावेच लागतात.

गाण्याचा सिनेमा म्हणजे दुप्पट काम

आपल्याला प्लेबॅक हा शब्द इतका घरचा आहे की तो हॉलिवूडच्या सेटवरचा आहे हे लक्षातच येत नाही. १९२९ मध्ये एमजीएमच्याच एका सिनेमात एक नाच पुन्हा शूट करायची वेळ आली, आधीचं रेकॉर्डिंग चांगलं होतं म्हणून तेच सेटवर वाजवून त्यावर नाचवलं, आणि ही पद्धत पडली. आधी स्टुडिओत वाद्यवृंदाबरोबर गाणं रेकॉर्ड करायचं, मग शूटिंगला तेच स्पीकरवर वाजवून ओठ हलवायचे. फरक एवढाच की आपल्याकडे आवाज गायकाचा आणि चेहरा नटाचा, ज्युडीचं दोन्ही तिचंच.

म्हणजे बघा, एका गाण्यासाठी आधी चाल बसवणं, मग नाचाची तालीम, ही कित्येक दिवस, मग रेकॉर्डिंग, मग कपड्यांची ट्रायल, आणि मग शूटिंग, तेही तुकड्यातुकड्यात, प्रत्येक तुकड्यात श्वास आणि मान रेकॉर्डिंगशी जुळली पाहिजे. अभिनयाचे सीन वेगळे. एक सिनेमा चालू असताना पुढच्याची तयारी सुरू आणि मागच्याच्या प्रसिद्धीसाठी थिएटरात जाऊन गायचं, रेडिओ वेगळा. ऑझच्या वेळी टेक्निकलर, म्हणजे रंगीत सिनेमाचं तंत्र, नवीन होतं, त्याला इतका प्रकाश लागायचा की दिव्यांनी सेटवरचं तापमान ३८ अंशांच्या वर जायचं, त्यात ज्युडीचं वय कमी दिसावं म्हणून छाती घट्ट बांधलेली. सुरुवातीला तर सोनेरी केसांचा टोप आणि बाहुलीसारखा मेकअप होता, जॉर्ज क्यूकर हा दिग्दर्शक काही दिवसच सेटवर होता पण त्याने तो काढायला लावला, त्याचे आपल्यावर उपकारच आहेत.

१९४२-४३ च्या 'गर्ल क्रेझी'च्या वेळी दिग्दर्शक बस्बी बर्कली एका गाण्यासाठी तिला इतकं दामटत होता की ती कोलमडली, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आणि शेवटी दिग्दर्शकच बदलला गेला. तेव्हा ती जेमतेम वीस वर्षांची होती.

गोळ्यांचं काय ते एकदा नीट बघू

ज्युडीने स्वतः नंतर सांगितलं की दिवसरात्र काम चालावं म्हणून जागं ठेवणाऱ्या गोळ्या दिल्या जायच्या आणि मग झोपेच्या, थोडं झोपलं की पुन्हा जागं करायच्या. मिकी रूनीने मात्र हे नाकारलं, त्याचं म्हणणं स्टुडिओने तिला असं काही दिलं नाही. दोघांचं म्हणणं समोर ठेवून विचार करायला हवा.

जागं ठेवणाऱ्या त्या गोळ्या म्हणजे अ‍ॅम्फेटामिन. तीसच्या दशकात ते नवीन औषध होतं, सहज मिळायचं, डॉक्टर थकव्यावर, उदासीवर, वजनावर लिहून द्यायचे, पुढे महायुद्धात सैनिकांनासुद्धा दिलं गेलं. त्याने भूक मरते आणि झोप उडते. मग झोपायला बार्बिट्युरेट, ज्यात औषधाचा डोस आणि जीवघेणा डोस यातलं अंतर फार कमी असतं, आणि सवय झाली की डोस वाढवावा लागतो तसं ते अंतर आणखी कमी होतं. त्यामुळे कुणी तिला मुद्दाम विष दिलं असं म्हणायची गरजच नाही. स्टुडिओला ती बारीक हवी होती, कँटीनमध्ये तिच्यासाठी सूप आणि काळी कॉफी यापलीकडे काही द्यायचं नाही अशी ताकीद असायची असं तिच्या चरित्रांमध्ये येतं, स्टुडिओप्रमुख लुई मेयर तिच्या अंगकाठीवरून तिला कुबडी म्हणायचा असंही. वाढत्या वयाच्या मुलीला सतत भूक मारायला सांगायचं, बारा-चौदा तास उभं ठेवायचं आणि भूक मारणारं, झोप उडवणारं औषध बाजारात सहज मिळत असताना पुढे काय होईल ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. गोळी कुणाच्या हातातून आली यापेक्षा गोळीशिवाय ते वेळापत्रक पाळता आलं असतं का, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

"पण पैसे तर भरपूर मिळत होते ना?"

मिळत होते, आणि हे लपवायचं कारण नाही. ऑझच्या वेळी आठवड्याला ५०० डॉलर, जे मंदीच्या काळात सामान्य माणसाच्या पगाराच्या कित्येक पट होते. पण त्याच सिनेमात तिच्याबरोबर चालणाऱ्या रे बोल्जर आणि जॅक हेली या मोठ्या नटांना ३,००० च्या घरात मिळत होते, आणि सिनेमा तिच्या खांद्यावर होता. १९४० मध्ये नवीन काँट्रॅक्ट झालं, आठवड्याला २,००० पासून सुरू, आणि १९४६ मध्ये ५,६०० डॉलरच्या आसपास.

मात्र हा पगार होता, हिस्सा नव्हता. सिनेमा कितीही चालो, पुन्हा कितीही वेळा लागो, तिला त्यातलं काही नाही. आणि पगार बंद करायची कळ समोरच्याच्या हातात. जास्त पगाराच्या माणसाचा खर्च त्या पगारावर बेतलेला असतो, घर, नोकर, डॉक्टर, नातेवाईक, त्यामुळे सस्पेन्शनचा फटका तिला छोट्या नटापेक्षा जास्तच बसायचा.

"मग सोडून का नाही गेली?"

हा प्रश्न बरेच जण विचारतात आणि त्याचं उत्तर कोर्टात आहे. १९३६ मध्ये बेटी डेव्हिस ही नटी वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओला कंटाळून इंग्लंडला सिनेमा करायला गेली, स्टुडिओने लंडनच्या कोर्टात खेचलं, ती हरली आणि परत आली. मग १९४३ मध्ये त्याच स्टुडिओची नटी ऑलिव्हिया डी हॅविलंड, तिची सात वर्षं संपली तर वॉर्नर म्हणाले तुझे सस्पेन्शनचे सहा महिने बाकी आहेत. कॅलिफोर्नियात जुना कायदा होता की कुणालाही सात वर्षांपेक्षा जास्त काळ नोकरीला बांधून ठेवता येत नाही, तिने विचारलं ही सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची की प्रत्यक्ष कामाची? डिसेंबर १९४४ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं, कॅलेंडरची. खाडे जोडायचं तिथे संपलं. पण या लढ्यात तिला जवळपास दोन वर्षं कुठेच काम मिळालं नाही, कारण स्टुडिओप्रमुख जॅक वॉर्नरने बाकी स्टुडिओंना कळवून ठेवलं होतं. आजही तिथे गायक आणि नट याच निकालाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याचा आधार घेतात.

हे वाचताना मला हटकून शांता आपटे आठवतात. ऑझ ज्या वर्षी लागला त्याच वर्षी, १९३९ मध्ये, पुण्यात प्रभातच्या फाटकाशी त्या उपोषणाला बसल्या होत्या, वाद पगाराचा आणि काँट्रॅक्टचाच. 'कुंकू'ची नायिका, गाणारी, अख्ख्या देशात नाव, आणि स्टुडिओच्या दारात उपाशी. ती जागा म्हणजे आजचं फिल्म इन्स्टिट्यूट. पगारावर स्टार ठेवायची पद्धत तिथेही आणि इथेही, तिथलं भांडण कोर्टात गेलं, इथलं फाटकाबाहेर आलं.

ज्युडी मात्र भांडली नाही, १९४६ ला तिने पुन्हा सही केली. नवरा व्हिन्सेंट मिनेली तिथलाच दिग्दर्शक, मुलगी लायझा नुकतीच झालेली, आणि तिला घडवणारे लोक, रॉजर ईडन्ससारखा संगीत सल्लागार जो तिच्या तेराव्या वर्षापासून तिच्यासाठी गाणी बसवत होता, सगळे त्याच आवारात. हेही खरंच की इतका चांगला वाद्यवृंद, इतके चांगले गीतकार तिला दुसरीकडे मिळाले नसते. ज्या ठिकाणाने तिला पिळून काढलं त्याच ठिकाणाने तिचं सगळ्यात सुंदर काम करून घेतलं, यातली एक बाजू सांगून दुसरी गाळली तर ते खोटं होईल.

शेवटची दोन वर्षं

जुलै १९४८, फ्रेड अस्टेअरबरोबरचा एक सिनेमा, तब्येतीमुळे ती येऊ शकली नाही, सस्पेन्शन, रोल जिंजर रॉजर्सला. मे १९४९, 'अ‍ॅनी गेट युवर गन', गाणी रेकॉर्ड झालेली, काही शूटिंगही झालेलं, सस्पेन्शन, रोल बेटी हटनला. मग बॉस्टनच्या हॉस्पिटलात उपचार, तिथे नियमित जेवण आणि झोप मिळाल्यावर ती खरंच सावरत होती. पण लगेच पुढचा सिनेमा, 'समर स्टॉक'.

हा सिनेमा मिळाला तर बघा, कारण त्यात सगळी गोष्ट डोळ्यांनी दिसते. सिनेमाभर ज्युडी भरलेल्या अंगाची, शेतकरी बाईच्या कपड्यात, कुठेकुठे थकलेली. आणि शेवटी 'गेट हॅपी' नावाचं गाणं येतं, काळी हॅट डोळ्यावर कललेली, पुरुषी काळा कोट, खाली काळे मोजे, आणि ही एकदम सडपातळ, चपळ, वेगळीच बाई. लोकांना वाटलं जुन्या सिनेमातलं गाणं चिकटवलंय. प्रत्यक्षात बाकी शूटिंग संपल्यावर दोनेक महिन्यांनी हे गाणं शूट झालं, मधे तिने वजन उतरवलं होतं. कपडे तेवढे खरंच जुने, 'ईस्टर परेड'मधून कापलेल्या एका गाण्याचे. तिचं सर्वोत्तम म्हणावं अशा गाण्यांपैकी हे एक, आणि ते करून थोडे दिवस होतात तोच स्टुडिओने तिला पुन्हा बोलावलं, दुसरी नटी गरोदर राहिली म्हणून तिच्या जागी. जून १९५० मध्ये तिसरं सस्पेन्शन. त्यानंतर काही दिवसांत तिने आत्महत्येचा प्रयत्न केला, ती बातमी पेपरांच्या पहिल्या पानावर गेली. सप्टेंबरमध्ये एमजीएमने तिला मोकळं केलं. ती अठ्ठावीस वर्षांची होती.

"बाकीचे टिकले, मग हीच का मोडली?"

एमजीएमचेच नाचणारे नट, जीन केली टिकला, अस्टेअर टिकला, हे बरोबर आहे. पण दोघेही मोठे झाल्यावर हॉलिवूडला आले, आधी ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर, नाव कमावून, आणि 'नाही' म्हणायची सवय घेऊन. ज्युडी तेराव्या वर्षी आली, वडील गेल्यावर तिच्या बाजूने बोलणारं घरात कुणी उरलं नाही, आणि शरीर वाढायच्या वयात गोळ्या सुरू झाल्या. स्वभावाचा काहीच भाग नव्हता असं मी म्हणत नाही, पुढे तिने स्वतःही चुकीची माणसं निवडली, कार्यक्रमांना उशीर केले, लोकांना ताटकळत ठेवलं. पण अठ्ठावीस वर्षांचं माणूस पंधरा वर्षं एकाच ठिकाणी असं वापरलं गेल्यावर स्वभाव कुठे संपतो आणि सवय कुठे सुरू होते ते वेगळं काढून दाखवणारा मला तरी कुणी भेटलेला नाही.

सिनेमा पुन्हा पुन्हा लागला, तिला काय मिळालं?

ऑझचा खर्च जवळपास २८ लाख डॉलर होता, पहिल्या फेरीत तो फायद्यात आलाच नाही, १९४९ मध्ये पुन्हा लावल्यावर आला. नोव्हेंबर १९५६ मध्ये तो टीव्हीवर दाखवला, मग १९५९ पासून दरवर्षी, अमेरिकेत दोन पिढ्या टीव्हीवर तो बघत वाढल्या. ज्युडीला यातून काही मिळायचं नाही.

यामागे रेसिड्युअल नावाची भानगड आहे. सिनेमा पुन्हा दाखवला तर कलाकाराला मिळणारा वाटा म्हणजे रेसिड्युअल. १९६० मध्ये नटांच्या संघटनेने यासाठी संप केला, तेव्हा अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन, तेच पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले. तडजोड अशी झाली की १९६० पासूनच्या सिनेमांना टीव्हीचा वाटा मिळेल, त्याआधीच्यांचा हक्क सोडायचा, बदल्यात स्टुडिओंनी पेन्शन आणि आरोग्य निधीत साडेबावीस लाख डॉलर भरले. ज्युडीचे एमजीएमचे सगळे सिनेमे त्या रेषेच्या आधीचे. बरेच जुने कलाकार यावरून रेगनवर शेवटपर्यंत नाराज होते.

म्हणून ती गात राहिली, कारण गायलं तरच पैसे. मॅनेजर लोकांनी पैसे खाल्ल्याचे आरोप झाले, इन्कम टॅक्सची लाखोंची थकबाकी झाली, १९६७ मध्ये घर गेलं. २२ जून १९६९ ला लंडनमध्ये झोपेच्या गोळ्यांच्या जास्त डोसने ती गेली, चौकशीत तो अपघात ठरला, आत्महत्या नाही. वय ४७. न्यूयॉर्कमध्ये अंत्यदर्शनाला वीस हजारांवर लोक रांगेत होते.

आता एआयचा प्रश्न कुठे येतो

२०२४ मध्ये इलेव्हनलॅब्ज या कंपनीने ज्युडीचा आवाज एआयने बनवून पुस्तकं वाचून दाखवायला वापरला, तिच्या वारसांची परवानगी घेऊन. स्फिअरमधल्या सिनेमाचं वेगळं आहे, त्याचे हक्क एमजीएमकडून फिरत फिरत आता वॉर्नरकडे आहेत, म्हणजे सिनेमातल्या ज्युडीचं काय करायचं हे १९३० च्या दशकातल्या त्या काँट्रॅक्टच्या वारसदार कंपनीच्या हातात. तो कागद झाला तेव्हा घराघरात टीव्हीसुद्धा नव्हता.

२०२३ मध्ये हॉलिवूडचे नट ११८ दिवस संपावर होते त्याचे दोन मोठे मुद्दे हेच, स्ट्रीमिंगचा वाटा आणि एआयने बनवलेली नटाची नक्कल. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला की मेलेल्या कलाकाराची अशी नक्कल वापरायची तर वारसांची संमती हवी. आपल्याकडे मुंबई हायकोर्टाने २०२४ मध्ये अरिजित सिंगच्या आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या आवाजाच्या एआय नकलेविरुद्ध अंतरिम आदेश दिले. म्हणजे प्रश्न आपल्या दारात आलाच आहे. कुणी म्हणेल वारसांनी हो म्हटलं मग अडचण काय? कायद्याने काही नाही. पण वारसांची संमती ही ज्युडीची संमती नव्हे, आणि तेराव्या वर्षीही तिच्या वतीने दुसऱ्यांनीच हो म्हटलं होतं, त्यामुळे मला ते सहज गिळवत नाही.

मग तिच्याकडे बिचारी म्हणूनच बघायचं का?

मुळीच नाही, आणि तिला तसं बघणारे तिचं अर्धं आयुष्य बघतच नाहीत. एमजीएमने सोडल्यावर सात महिन्यांत, एप्रिल १९५१ मध्ये, ती लंडनच्या पॅलेडियमला गात होती, मग न्यूयॉर्कच्या पॅलेस थिएटरात सलग १९ आठवडे. १९५४ चा 'अ स्टार इज बॉर्न', ज्याची अर्ध्या तासाच्या जवळपास काटछाट झाली तरी तो आजही अंगावर येतो. १९६१ मध्ये 'जजमेंट अ‍ॅट न्यूरेंबर्ग'मध्ये एकही गाणं नसलेला छोटा रोल आणि त्यालाही ऑस्करचं नामांकन.

आणि २३ एप्रिल १९६१ ची न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलची रात्र. ते लाइव्ह रेकॉर्डिंग तेरा आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं, वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं, हे मिळवणारी ती पहिली बाई. सुरुवात करायची तर तिथून करा. गाण्यांच्या मधे ती पॅरिसमध्ये केस कसे बिघडले त्याचे किस्से सांगते, लोक खदाखदा हसतात, एका गाण्यात चक्क शब्द विसरते आणि तालात राहून जागच्या जागी नवीन शब्द जुळवत पुढे जाते, हॉलला ते कळतं आणि टाळ्या पडतात. तिथे ना स्टुडिओ होता ना सस्पेन्शन, काय गायचं ते तिचं तिने ठरवलं होतं, आणि शेवटी लोक जागेवरून हलेनात तेव्हा ती म्हणाली, मी सगळी गाणी म्हणते आणि आपण रात्रभर इथेच राहू.